कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या मोठ्या माणसांच्या इच्छा : ठाणे-नवी मुंबईत आपण काय करू शकतो?

नौपाडेकर

मंडळी, बरेच दिवस मनात असलेला विषय मांडतेय. लांबलंय, पण शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

लहान मुलांना गंभीर आजार असला की त्यांची एखादी इच्छा पुरी करणाऱ्या संस्था आहेत. 'मेक-अ-विश'ची सुरुवात अमेरिकेत १९८० मध्ये पोलीस व्हायचा ध्यास घेतलेल्या एका सात वर्षांच्या मुलामुळे झाली, आणि भारतातही त्यांचं काम कित्येक वर्षं चालू आहे. पण ते मुलांसाठी. पंचावन्न वर्षांच्या, फुफ्फुसाचा कर्करोग यकृतापर्यंत पोचलेल्या रिक्षावाल्याला कोण विचारतं, की दादा, तुमचं काय करायचं राहिलंय?

बाहेरच्या देशांत मोठ्यांसाठीही हे काम चालतं. अमेरिकेत 'ड्रीम फाउंडेशन' १९९४ पासून आहे. नेदरलँड्समधली गोष्ट मला जास्त जवळची वाटते. केस व्हेल्डबूर नावाचा रुग्णवाहिकेचा चालक २००६ मध्ये एका मरणासन्न पेशंटला दुसरीकडे हलवत होता. पेशंट जुना खलाशी. जायला उशीर होणार होता, म्हणून चालकाने विचारलं, कुठे जाऊन यायचंय का? तो म्हणाला, एकदा बोटी बघायच्यात. पुढे त्याला स्ट्रेचरवरूनच बंदरात फिरवून आणलं. त्यातून त्या चालकाने बायकोच्या मदतीने 'अ‍ॅम्ब्युलन्स वेन्स' ही संस्था उभी केली. प्रशिक्षित स्वयंसेवक, नर्स आणि एक गाडी, एवढ्यावर काम सुरू.

आता इथली गोष्ट. ओळखीतल्या एक काकू, पाचपाखाडीतली त्यांची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेलेली, स्वतः वागळे इस्टेटजवळ भाड्याच्या घरात. अंडाशयाचा कर्करोग, पोटात पाणी, केमो थांबवलेली. मुलगा त्यांना तिरुपतीला न्यायच्या तयारीत होता, विमानाची तिकिटंसुद्धा बघून झाली होती. काकूंना कुणी विचारलंच नव्हतं. शेजारणीने एकदा विचारलं तेव्हा म्हणाल्या, मला माझं नवं घर बघायचंय.

घर म्हणजे काय, तर नुसता स्लॅब आणि छातीपर्यंत आलेल्या विटांच्या भिंती. साइटवर परक्या माणसाला सोडत नाहीत, आजारी बाईला तर नाहीच. पण साइट इंजिनिअर भला निघाला. काम बंद असतं म्हणून रविवार ठरवला. धूळ उडू नये म्हणून त्याने सकाळी पाणी मारून घेतलं, जिन्याच्या उघड्या बाजूला बांबू बांधून घेतले. आदल्या दिवशी डॉक्टरांनी पोटातलं पाणी काढलं होतं, त्यामुळे त्यांना नीट बसता येत होतं. मास्क, हेल्मेट, आणि प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चार पोरांनी दुसऱ्या मजल्यावर नेलं. वर गेल्यावर काकूंनी नकाशा मागितला. स्वयंपाकघर कुठलं ते बघितलं, भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या आणि इंजिनिअरला म्हणाल्या, "ओटा दोन इंच खाली घ्या, माझी सून बुटकी आहे." त्याने खिशातली पेन्सिल काढून प्लास्टर न झालेल्या विटेवर खूण केली. मग देव्हारा कुठे, नातवाचं टेबल कुठे, उन्हाळ्यात दुपारचं ऊन कुठून येईल. तासभर चाललं होतं. परत येताना थकल्या होत्या, पण घरी पोचल्यावर त्यांनी सुनेला पुन्हा सगळं बैजवार सांगितलं.

तिरुपती राहिलं. त्यांना ते नकोच होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की इच्छा पेशंटला विचारायची असते, आणि तो उठून बसू शकतोय तेव्हाच विचारायची असते. ठाणे-नवी मुंबईत यासाठी आठ-दहा जणांचा गट उभा राहू शकेल का? अनुभव, आक्षेप, सगळं लिहा.

सडेतोड_ऐरोली

तळमळ पोचली. पण मला वेगळं म्हणायचंय आणि ते स्पष्टच म्हणतो. माझ्या वडिलांना स्वादुपिंडाचा कर्करोग होता. रात्री दोन वाजता माणूस गुडघे पोटाशी घेऊन ओरडतोय, आणि जवळच्या एकाही औषधाच्या दुकानात मॉर्फिनची गोळी नाही. एका खासगी रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तर सांगितलं, "त्याची सवय लागेल." ज्याच्या हाती थोडे आठवडे उरलेत त्याला सवय लागून काय होणार होतं? शेवटी परळला टाटाला जाऊन गोळ्या आणल्या. त्या दिवशी संध्याकाळी बाबांनी पहिल्यांदा विचारलं, "मॅच कुणाची आहे?"

तेव्हा गट काढायचाच असेल तर आधी वेदनेचं बघा. दुखणं थांबलं नाही तर माणसाला फक्त एकच इच्छा उरते. बोटी आणि घरं नंतर.

शुश्रूषा

सडेतोड, तुमचं बरोबर आहे आणि नौपाडेकर ताईंचंही. मी पॅलिएटिव्ह होमकेअरमध्ये, म्हणजे आजाराचा त्रास कमी करणारी सेवा घरी जाऊन देते त्यात, नर्स आहे, वाशी ते पनवेल घरोघरी जाते. आमच्याकडे क्रम हाच. दुखणं, धाप, उलट्या, बद्धकोष्ठता, झोप हे आटोक्यात आलं की माणूस आपणहून बोलायला लागतो. तुमच्या बाबांनी मॅच विचारली ना, ते तेच.

मॉर्फिनबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण भीती फार आहे. अंमली पदार्थांचा १९८५ चा कायदा इतका कडक होता की रुग्णालयं मॉर्फिन ठेवायलाच घाबरायची, वेगवेगळे परवाने लागायचे. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि मॉर्फिन, फेंटानिलसारखी वेदनाशामक औषधं 'अत्यावश्यक' यादीत आली. मान्यताप्राप्त संस्था ती ठेवू शकतात, देऊ शकतात. तरीही गल्लीतल्या दुकानात मिळत नाहीत, त्यामुळे कुठून मिळणार हे दुखणं वाढण्याआधीच विचारून ठेवायचं. गोळी योग्य मात्रेत दिली तर माणूस गुंगीत पडून राहत नाही. पहिले दोन-तीन दिवस झोप जास्त येते, मग तो चालतो-बोलतो. बद्धकोष्ठता मात्र जवळजवळ प्रत्येकाला होते, म्हणून सोबत रेचक सुरू करायचंच.

दुसरं, पॅलिएटिव्ह म्हणजे "आता काही उरलं नाही" असा लोकांचा समज आहे. २०१० मध्ये अमेरिकेत फुफ्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या पेशंटवर एक अभ्यास झाला. ज्यांना सुरुवातीपासून नेहमीच्या उपचारांबरोबर ही सेवा मिळाली ते जास्त समाधानात राहिले, आणि सरासरी पावणेतीन महिन्यांच्या आसपास जास्त जगलेसुद्धा. तेव्हा लवकर जा. टाटाच्या पॅलिएटिव्ह विभागात वेदनेसाठी बाह्यरुग्ण सेवा आहे. वांद्र्याला माउंट मेरीजवळ 'शांती आवेदना सदन' १९८६ पासून आहे, देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटना ठेवून सांभाळणारी जागा. घरी सांभाळणं अशक्य होतं तेव्हा तिथे विचारता येतं.

आता इच्छेसाठी पेशंटला बाहेर न्यायचं असेल तर आम्ही काय बघतो ते सांगते. केमो चालू असेल तर बऱ्याच औषधांत साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात, त्या दिवसांत गर्दीत नेऊ नका. पुढच्या केमोच्या आधीचे दिवस बरे. हिमोग्लोबिन कमी असेल तर रक्त चढवून, पोटात पाणी असेल तर ते काढून मग निघा, हे डॉक्टरांशी आधीच ठरवायचं. मॉर्फिनची साधी गोळी हलवण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी द्यायची. तिचा असर चार तासांच्या आसपास राहतो, तेव्हा येण्या-जाण्याचं गणित त्यावर बसवा आणि जादा गोळी जवळ ठेवा. फेंटानिलची पट्टी लावली असेल तर त्यावर ऊन किंवा गरम पिशवी लागू देऊ नका, औषध एकदम जास्त अंगात जातं. मणक्यात पसरलेलं असेल तर काखेत हात घालून उचलायचं नाही, चादरीसकट उचलायचं. आणि घोडबंदर रोडने नेणार असाल तर पहाटे निघा. तिथले खड्डे आणि ट्रॅफिक दोन्ही मणक्याच्या पेशंटला सोसत नाहीत.

सोबत एक पत्र हवंच. निदान, चालू औषधं, मॉर्फिनची चिठ्ठी, डॉक्टरांचा फोन. वाटेत काही झालं तर अनोळखी रुग्णालयात त्या एका कागदाने पुढची सगळी ओढाताण वाचते. नातेवाइकांशी हे आधी बोलावं लागतं. जड जातं, पण बोलावं लागतं.

तांबडी_माती

शुश्रूषा, किती उपयोगी लिहिलंत! वाचनखूण साठवली.

आमचा अनुभव. मोठा दीर, तोंडाचा कर्करोग, गालाची शस्त्रक्रिया झालेली, नंतर परत उलटला. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये, टाटाच्याच तिथल्या केंद्रात, दाखवायचो. नाकातून नळी, सगळं जेवण नळीने. आपल्याकडच्या पुरुषांत तोंडाचा कर्करोग किती आहे ते त्या वॉर्डाबाहेर बसलं की कळतं. सगळे तंबाखूवाले, निम्मे माझ्या दिरापेक्षा लहान.

तो पाटीवर लिहून बोलायचा. एकदा लिहिलं, "मामलेदारची मिसळ." आम्ही सगळे गप्प. गिळता येत नव्हतं, छातीत जाण्याची भीती. सासूबाई पदर डोळ्याला लावून आत गेल्या. मी तिथल्या स्पीच थेरपीच्या ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, गिळायचं नाही, पण चव घ्यायला काय हरकत आहे? तिखट मात्र नको, जखमांना झोंबेल. मग दिरालाच विचारलं, तिखटाऐवजी काय? त्याने लिहिलं, "सोलकढी. आईच्या हातची."

सासूबाईंनी मिरची न घालता केली. स्पंजच्या काडीने जिभेवर थोडी थोडी लावायची, मान पुढे झुकवून, जादा झालेली बाहेर टिपून घ्यायची. पहिल्या काडीला त्याने डोळे मिटले. दुसरीला पाटी ओढली आणि लिहिलं, "मीठ कमी." सासूबाई इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्याच्यावर ओरडल्या, "चाळीस वर्षं हेच ऐकतेय मी!" मग रोज दुपारी हा कार्यक्रम. कधी सोलकढी, कधी आमरसाचं पाणी, एकदा बोंबलाच्या कालवणाचं नुसतं वरचं पाणी.

यासाठी ना गट लागला ना गाडी. पण त्या थेरपीच्या ताईंना विचारावं हे सुचायला हवं होतं, आणि त्यासाठी तुमच्यासारखं कुणी माहीतगार जवळ असेल तर फार मोठी मदत होईल.

कळवा_पूर्व

पहिल्यांदाच लिहितेय. माझ्या आईला निदान सांगितलेलं नाही. तिला वाटतंय आतड्याला सूज आहे. मामांनी सगळ्यांना बजावलंय, की कळलं तर ती हाय खाईल. इच्छा विचारली की तिला कळणारच ना? हा धागा वाचून रडू येतंय. काय करावं?

शुश्रूषा

कळवा_पूर्व ताई, तुम्ही एकट्या नाही. मी जाते त्या घरांपैकी कितीतरी घरांत हेच चाललेलं असतं. आणि बहुतेक वेळा पेशंटला कळलेलं असतं. वॉर्डाबाहेरच्या पाट्या त्याही वाचतात, शेजारच्या खाटेवरच्या बाईशी बोलतात. तुम्ही लपवता म्हणून त्याही लपवतात.

एकदम सगळं सांगायची गरज नाही. आधी तिच्याकडून ऐका. "आई, तुला तब्येतीबद्दल काय वाटतंय?" एवढंच विचारा आणि थांबा. मधे बोलू नका. तिला जाणून घ्यायचं असेल तर ती पुढचा प्रश्न विचारेल, नसेल तर विषय बदलेल, आणि तोही तिचा हक्क आहे. इच्छा विचारायला "शेवटची" म्हणायचं कारण नाही. "या महिन्यात तुला काय करावंसं वाटतंय?" पुरतं. मामांना घेऊन पॅलिएटिव्हच्या डॉक्टरांना भेटा, ते समजावतात. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

भूमिती

मी इतका वेळ नुसती वाचत होते. आता लिहिते, कारण या धाग्यावर सगळे पेशंटबद्दल बोलताहेत आणि पेशंट मी एकटीच दिसतेय.

स्तनाचा कर्करोग, मणक्यात आणि मांडीच्या हाडात पसरलेला. बरा होणार नाही हे मला डॉक्टरांनी माझ्या तोंडावर सांगितलं, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. आता माझ्याकडून ऐका.

आम्हाला लढवय्या म्हणू नका. औषध लागू पडलं तर पडलं. जी बाई माझ्या शेजारच्या खाटेवर होती आणि गेली, ती काय कमी लढली?

आमच्या इच्छा भव्य असतील असं धरून चालू नका. माझ्या मैत्रिणींनी वर्गणी काढून मला काश्मीरला पाठवायचं ठरवलं होतं. प्रेमाने ठरवलं होतं. पण मला थंडीत हाडं दुखतात, आणि परक्या हॉटेलात रात्री उलटी झाली तर काय, हीच धास्ती. मी नाही म्हटलं तर त्यांना वाईट वाटलं, आणि मग मलाच त्यांची समजूत काढावी लागली. त्यात माझी बरीच ताकद गेली.

आणि प्रत्येक इच्छा पुरी होत नाही हेही मान्य करा. माझ्या सख्ख्या भावाने माझ्याशी बोलावं ही माझी इच्छा आहे. तुमचा गट ते करू शकणार नाही. करायला जाऊसुद्धा नका.

माझी करता येण्याजोगी इच्छा ही : मी दहावीचं गणित शिकवते. चरईतल्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर क्लास घ्यायचे, लिफ्ट नाही. जिने चढणं बंद झाल्यापासून क्लास बंद. माझं घर लहान, तिथे सासरे झोपून असतात. ऑनलाइन करून बघितलं, पण भूमितीत पोरांची वही डोळ्यांसमोर असावी लागते, कोन कुठे चुकला ते पेन्सिल कशी टेकवतात त्यावरून कळतं. अकरा मुलं आहेत. बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये. मला त्यांना परीक्षेपर्यंत न्यायचंय. मार्चपर्यंत मी असेन का, असले तर उभी असेन का, ते कुणालाच माहीत नाही. तळमजल्यावरची एक खोली हवी आहे, आठवड्यातून तीन दिवस, दीड तास.

सडेतोड_ऐरोली

भूमिती मॅडम, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी वर लिहिलं त्याच्याशी अजूनही ठाम आहे, वेदना आधी. पण तुम्ही मागताय ते वेदनेनंतरचं नाही, बरोबरीचं आहे. खोली मी शोधतो. ठाण्यात माझे दोन मित्र आहेत, त्यांना आजच फोन करतो.

वकील_बेलापूर

एका इच्छेचा उल्लेख अजून कुणी केला नाही. "मला आयसीयूत नेऊ नका, नळ्या लावू नका, घरी राहू द्या." माझ्याकडे येणाऱ्या पेशंटपैकी बरेच हेच बोलतात, आणि पुरेसे कागद नसल्याने शेवटच्या रात्री घाबरलेले नातेवाईक त्यांना रुग्णवाहिकेत घालतात.

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य करून असं इच्छापत्र कायदेशीर ठरवलं. पण पद्धत इतकी किचकट होती, न्यायदंडाधिकाऱ्यांची सही वगैरे, की कुणी वाटेला जात नव्हतं. २०२३ च्या जानेवारीत ती सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे. आपल्या वतीने कोण निर्णय घेईल त्यांची नावं लिहायची. प्रत घरच्यांना आणि डॉक्टरांना द्यायची, कपाटात कुलपात ठेवून उपयोग नाही. हे मालमत्तेच्या मृत्युपत्रापेक्षा वेगळं आहे, गल्लत करू नका. गटाला मसुद्यासाठी मदत लागली तर मी फी न घेता करीन.

रेवदंडा

एक छोटी माहिती. अलिबागकडे गाव असलेल्यांसाठी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडीसकट नेणारी रो-रो बोट २०२० पासून आहे, तासाभरात पोचवते. माझ्या चुलत्यांना रस्त्याचे धक्के सहन होत नव्हते, बोटीने नेलं. वाडीतल्या विहिरीवर आंघोळ करायची होती त्यांना. पेशंटला गाडीतच बसू देतील का आणि खुर्ची वर नेता येते का, ते आधी फोन करून विचारा. पावसाळ्यात हवा बिघडली तर फेरी रद्द होते, तेव्हा दुसरा रस्ता ठरवून ठेवा.

नौपाडेकर

सगळ्यांचे मनापासून आभार. कळवा_पूर्व, तुमच्या आईसाठी आम्ही आहोत, कधीही लिहा.

गटाबद्दल माझं मत आता पक्कं होत चाललंय. सुरुवातीला ट्रस्ट, नोंदणी, देणग्या यात पडायचं नाही. आलेली एक इच्छा घ्यायची आणि पुरी करायची. पेशंटशी बोलायला एकानेच जायचं, घोळका नको. त्याच्याशी नातेवाइकांशिवाय दहा मिनिटं तरी बोलायला मिळायला हवीत. उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा होकार असल्याशिवाय कुणालाही हलवायचं नाही.

आणि फोटो नाहीत. यावर माझ्याशी वाद घालू नका. एका कार्यक्रमात केस गेलेल्या बाईच्या हातात मोठा चेक देऊन बॅनरपुढे उभं केलेलं मी बघितलंय, तिला बसायला खुर्चीसुद्धा दिली नव्हती. पेशंटने स्वतः मागितला तर फोटो काढून त्यालाच द्यायचा, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवायचा नाही. कुठल्या कंपनीला पैसे द्यायचे असतील तर ते नावाशिवाय द्यावेत.

चरईकर

भूमिती बाई, मी बहुतेक तुमचा विद्यार्थी होतो. नाव लिहीत नाही, पायथागोरसच्या सिद्धतेत कायम अडायचो.

आमच्या आजोबांचं दुकान तळमजल्यावर बंद पडून आहे, तलावपाळीपासून पाच मिनिटं. शटर उघडलं की सरळ आत, एकच पायरी. त्यावर फळी टाकून उतार करतो, व्हीलचेअर जाईल. फळा लावून देतो. दोन अडचणी आहेत : मागचा संडास भारतीय पद्धतीचा आहे, आणि संध्याकाळी सातनंतर समोर भाजीवाले बसतात, गाडी दारापर्यंत येत नाही. पाच ते साडेसहा चालेल का?

भूमिती

चालेल. पळेल. सोमवार, बुधवार, शुक्रवार. सोमवारी सकाळी रक्त तपासणी असते, पण पाचपर्यंत मी ठीक असते. तू बहुतेक २००९ च्या बॅचचा. मागच्या बाकावर, खिडकीजवळ.

फळा खाली लाव, मला बसून लिहायचंय.

शुश्रूषा

कमोडची खुर्ची आमच्याकडे एक जादा पडून आहे, शनिवारी चरईत आणून देते. चरईकर, फळीचा उतार लांब ठेवा, पायरीच्या उंचीच्या निदान बारा पट, नाहीतर खुर्ची ढकलणाऱ्याचे हाल होतात. आणि बाईंसाठी पाठीला टेकू असलेली, हात असलेली खुर्ची बघा. प्लास्टिकची नको, कोसळते.

सडेतोड_ऐरोली

खुर्ची मी आणतो. उंची किती हवी ते मॅडमनी व्यनि करावं.